बावन्न गावांचं नवं बिऱ्हाड

लातूरहून औसा मागे टाकून उमरग्याच्या रस्त्याला लागलं, की लामजन्याच्या पुढे गावांचं रूप पालटतं. मराठवाड्यातलं जुनं गाव दुरूनच ओळखू येतं. पांढरीच्या टेकाडावर एकमेकांना खेटलेली माळवदं, मधे गढीचा पडका बुरूज, बैलगाडी जेमतेम निघेल अशा बोळी, वेशीत मारुती. किल्लारीच्या परिसरातली गावं तशी नाहीत. ती सपाट रानात ऐसपैस पसरलेली आहेत. रस्ते आखीव आणि काटकोनात छेदणारे, घरं ठरावीक मापांची, आपापल्या प्लॉटवर सुटी सुटी उभी. त्यातल्या अनेक घरांपुढे पत्र्याचं शेड, कुडाचा आडोसा, जनावरांसाठी छप्पर अशी मागाहून केलेली वाढ दिसते. सरकारनं दिलेलं घर कुठं संपतं आणि माणसांनी वाढवलेलं कुठं सुरू होतं, हे नवख्यालाही कळतं.

ही गावं १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्र शासनानं नव्यानं वसवली. मोठा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं तांत्रिक साहाय्य दिलं. देशातल्या आणि परदेशातल्या संस्थांनी, वृत्तपत्रांनी, उद्योगसमूहांनी, धर्मादाय मंडळांनी एकेक गाव दत्तक घेतलं. भारतात आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचा एवढा मोठा आणि परदेशी मदतीवर उभा राहिलेला कार्यक्रम त्याआधी क्वचितच झाला असेल. तीन दशकांनंतर त्याचा हिशेब मांडायला हवा, कारण यातून जे हाती लागलं ते पुढे कच्छपर्यंत गेलं आणि जे चुकलं ते आजही या गावांत रोज जगलं जातं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा घरी आलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. वेगवेगळ्या संस्थांनी तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदवली. आकडा पाहिला तर जगातल्या मोठ्या भूकंपांत हा बसत नाही. पण त्याचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं आणि बरोबर वर माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींच्या आत झोपलेली होती. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली, हजारो जखमी झाली. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांना सगळ्यात मोठा फटका बसला. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव ही नावं त्या सकाळी रेडिओवरून देशभर पोहोचली.

धरणी अगदीच अचानक हलली, असंही नव्हतं. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, काही घरांना तडे गेले होते. लोक काही रात्री बाहेर झोपले, नंतर धक्के कमी झाले आणि माणसं परत घरात गेली. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, इथं काय होणार, अशीच जाणकारांचीही समजूत होती. किल्लारीनं ती मोडली. स्थिर भूखंडाच्या पोटात झालेल्या जगातल्या सर्वांत प्राणघातक भूकंपांमध्ये आज त्याची गणना होते आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेपासून अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी इथल्या रानात येऊन जमिनीची भेग तपासली.

घरं इतकी का पडली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं पुनर्वसन समजत नाही. माळवदाचं घर म्हणजे आत लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यावर किलचन, आणि वर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन पदरांची, मधे खडी आणि चिखल. या दोन पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. दर काही वर्षांनी छतावर नवी माती पडते, ओझं वाढत जातं. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर फाटून दोन्हीकडे कोसळले आणि वरची माती खाली आली. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला, भिंती मात्र माणसांवर पडल्या. चांगल्या लाकडाचं काम तगलं आणि दगडाचं काम पडलं, ही बाब तज्ज्ञांनी लवकर हेरली. पण ज्यांनी आपली माणसं त्या दगडांखालून काढली होती, त्यांना दगडाकडे बघवत नव्हतं.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी किल्लारीत पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. लष्कर आलं, ढिगारे उपसले गेले, सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. जखमींना सोलापूर, लातूर, अंबाजोगाईच्या दवाखान्यांत नेलं. काही आठवड्यांत पत्र्याच्या शेडांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या त्या शेडांत अनेक कुटुंबांचे दोन-तीन उन्हाळे गेले. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखाली राहणं काय असतं, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि मग प्रश्न आला तो गावं कुठं वसवायची याचा.

सत्तर टक्क्यांहून जास्त घरं पडलेली बावन्न गावं, लातूरमधली २७ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली २५, नव्या जागेवर हलवायची असं ठरलं. आणखी बावीस गावं जिथं होती तिथंच नव्यानं बांधायची. आणि उरलेली, कमी-जास्त पडझड झालेली दोन हजारांहून अधिक गावं, तेरा जिल्ह्यांत विखुरलेली, तिथल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. कागदोपत्री यांना अ, ब आणि क वर्ग म्हणत. जुन्या गावात परत जायचं नाही, ही मागणी पुष्कळ ठिकाणी लोकांचीही होती. जिथं घरातली चार-पाच माणसं एका रात्रीत गेली, तिथं पुन्हा चूल मांडायची कशी? ही भावना खरी होती. फक्त ती पहिल्या महिन्यांतली होती आणि निर्णय पुढच्या पिढ्यांचा होता.

महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. जागतिक बँकेच्या सवलतीच्या दरानं कर्ज देणाऱ्या शाखेनं २४.६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. या कर्जावर नाममात्र सेवाशुल्क असतं आणि परतफेडीला लांब मुदत मिळते. बाकीची रक्कम राज्यानं आणि इतर मदतकर्त्यांनी उभी केली. कर्जाबरोबर अटीही आल्या. काम भूकंपरोधक तंत्रानंच व्हावं, लाभार्थींच्या याद्या गावासमोर वाचल्या जाव्यात, लोकसहभागासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी. त्या यंत्रणेत मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आली, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली. १९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली, युतीचं सरकार आलं, तरी कार्यक्रम थांबला नाही. तो १९९८ पर्यंत चालला. सरकार बदललं की आधीच्या सरकारचं काम अडगळीत जातं, या नेहमीच्या अनुभवाला इथं अपवाद घडला. करार, हप्ते आणि तपासणी बाहेरच्या संस्थेशी बांधलेली होती, याचा त्यात वाटा नक्कीच होता.

घरदार सुटलेल्या माणसांना पुन्हा वसवण्यासाठी अनेक देशांनी हात लावण्याची रीत जगाला नवी नव्हती. १९७५ नंतर व्हिएतनाममधून होड्यांतून निघालेले सुमारे आठ लाख लोक आसपासच्या किनाऱ्यांना लागले. त्यांच्यासाठी १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये जिनिव्हात परिषदा झाल्या. शेजारच्या देशांनी तात्पुरता आसरा द्यायचा, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स अशा देशांनी कायमचं घर द्यायचं आणि मधली जुळवाजुळव संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानं करायची, अशी ती वाटणी होती. महाराष्ट्रानं तर याहून जुनं उदाहरण पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छळछावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले. शाळा, चर्च, दवाखाना असं अख्खं गाव तिथं उभं राहिलं. खर्च लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार करत होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ, तिथून वाढली.

किल्लारीच्या माणसांना देश सोडावा लागला नाही. बहुतेक गावं जुन्या जागेपासून काही किलोमीटरवरच गेली. तरी निर्वासितांच्या छावणीत जो प्रश्न असतो तोच इथंही होता. पैसा एकाचा, आराखडा दुसऱ्याचा, बांधणारा तिसरा. राहणाऱ्याला यात कुठं जागा आहे?

घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५० चौरस फुटांचं. याची एक बाजू मोलाची होती. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत पिढ्या गेलेल्या भूमिहीन कुटुंबांना पहिल्यांदा पक्कं घर मिळालं, नावावर प्लॉट मिळाला. या भागात फिरताना पुनर्वसनाबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, पण ही गोष्ट विसरून चालणार नाही. दुसरी बाजू अशी, की सातबारा हेच माप धरल्यानं जमीनदारीची उतरंड विटा-सिमेंटात पक्की झाली. आराखड्यात एका मापाची घरं एका भागात आली. मोठी घरं एकीकडे, अडीचशे फुटांची दुसरीकडे. जुन्या गावात मातंगवाडा, बौद्धवाडा वेगळा होताच. नव्या गावात ती वेगळेपणाची रेघ नकाशावर आखली गेली. एकत्र कुटुंबांचंही असंच झालं. वाड्यात एका चुलीवर जेवणारे भाऊ वेगवेगळ्या घरांचे मालक झाले आणि कधी कधी वेगवेगळ्या गल्ल्यांत गेले.

नव्या गावांचं क्षेत्रफळ जुन्याच्या कित्येक पट झालं. अभियंत्यांना रुंद रस्ते आणि मोकळी जागा हवी होती, कारण बोळीत अडकून माणसं मेली होती. उद्देश चांगला होता. पण गाव पसरलं की पाण्याची पाइपलाइन लांबते, नाली लांबते, दिवाबत्ती लांबते, आणि हे सगळं सांभाळायचं ग्रामपंचायतीनं, जिच्याकडे तेवढं उत्पन्न नसतं. म्हातारीला देवळापर्यंत जायला पूर्वी चार घरं ओलांडावी लागत, आता उन्हातून अर्धा मैल. जुन्या गावात दुपारी बायका बोळीत सावलीला बसून निवडणं-टिपणं करत, एकमेकींच्या घरावर नजर असे. रुंद, उघड्या रस्त्यावर तशी बसायला जागा नाही, आणि भर दुपारी तिथं कुणी फिरकत नाही.

घराच्या आतली मांडणी शहरी फ्लॅटची होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-न्हाणी. ओसरी नाही, गोठा नाही, बळद नाही. ज्वारीची पोती, कडबा, औजारं, शेळ्या, म्हैस कुठं ठेवायची? लोकांनी आपल्या पद्धतीनं उत्तरं काढली. पाणी नसलेल्या संडासात सरपण गेलं. पुढं पत्रे टाकून ओसरी झाली, मागं छपरी झाली. काहींनी जुन्या गावातून खांब, तुळया, चौकटी आणून लावल्या. काही वर्षांनी भीती ओसरली तशी जुन्या गावचा दगडही नव्या गावात येऊ लागला. तो पुन्हा मातीतच बसवला गेला, बिनधास्त. भूकंपरोधक घराला लागून बिनरोधक भिंत उभी राहिली. वास्तुरचनाकार रोहित जिग्यासू यांनी मराठवाड्यातल्या या पुनर्वसनाचा आणि नेपाळमधल्या अनुभवाचा एकत्र अभ्यास करून २००२ मध्ये नॉर्वेत पीएचडी केली. धोका कमी करायला निघालेलं पुनर्वसन नवे धोके तयार करू शकतं, हे त्यात सविस्तर आलं आहे.

दत्तक घेतलेल्या गावांत दात्यागणिक तऱ्हा वेगळी. औसा तालुक्यातल्या गुबाळला घुमटाकार घरं बांधली गेली. गोल घुमट भूकंपात उत्तम टिकतो, यात शंका नाही. पण गोल भिंतीला कपाट लागत नाही, मांडणी बसत नाही, बाज कोपऱ्यात सरकत नाही, कारण कोपराच नाही. मुलाचं लग्न झालं की खोली काढायची कुठून? दुसरीकडे केरळच्या ‘मल्याळ मनोरमा’ या दैनिकानं वाचकांच्या देणग्यांतून बाणेगाव उभं केलं आणि त्यासाठी लॉरी बेकर यांना बोलावलं. स्वस्त, स्थानिक आणि राहणाऱ्याच्या सवयीला धरून बांधण्यासाठी हा वास्तुकार ओळखला जायचा. चौकाभोवती गुंफलेली घरं, माणसांना एकत्र बसता येईल अशी मोकळी जागा, हा विचार त्या गावाच्या मांडणीत होता. दोन्ही दात्यांचा हेतू सारखाच भला होता. फरक एवढाच, की एकीकडे आधी तंत्र ठरलं आणि दुसरीकडे आधी राहणं.

या कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र या बावन्न गावांत घडलाच नाही. तो घडला क वर्गातल्या गावांत, जिथं ना मंत्री गेले ना कॅमेरे.

तिथं जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. एवढं काम कुठल्याही ठेकेदाराच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून शासनानं वेगळा मार्ग धरला. मदतीची रक्कम हप्त्याहप्त्यानं थेट घरमालकाच्या बँक खात्यात, काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं, कनिष्ठ अभियंत्यानं पाहून पुढचा हप्ता सोडायचा. कामाची तत्त्वं सोपी होती. माळवदावरची माती कमी करा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना वेढणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घाला, म्हणजे चार भिंती एकमेकींना धरून राहतील. लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे ठोकळे मारा. रुरकी विद्यापीठातले भूकंप-अभियांत्रिकीचे ज्येष्ठ तज्ज्ञ आनंद आर्य यांनी मराठवाड्यातल्या दगडी घरांच्या मजबुतीकरणावर मार्गदर्शन केलं होतं.

अडचण अशी, की हे सांगणार कोण? अभियंते थोडे, गावं दोन हजार, आणि सरकारी पुस्तिका वाचून कुणी भिंत फोडत नाही. इथं प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं सुचवलेली कल्पना कामी आली. गावातल्याच बाईला संवाद सहायक नेमायचं. हजाराहून अधिक गावांत अशा बायका पुढं आल्या. कुणी सातवी शिकलेली, कुणी बालवाडी सांभाळणारी, कुणी महिला मंडळाची. त्यांना सिमेंट-वाळूचं प्रमाण, लोखंडाची जाडी, किती दिवस पाणी मारायचं, हे शिकवलं गेलं. त्या घरोघर जाऊन हप्ता कुठं अडला ते पाहत, बँकेत जात, तालुक्याला अभियंत्याला गाठत, ग्रामसभेत उभ्या राहून बोलत. मराठवाड्यातल्या गावात १९९४ मध्ये एखाद्या सुनेनं गवंड्याला, पट्ट्यात सळई कमी पडली म्हणून काम थांबवायला सांगणं, ही लहान गोष्ट नव्हती.

सगळं सुरळीत झालं नाही, हेही नोंदवायला हवं. मजबुतीकरणाचे पैसे घेऊन पुष्कळांनी जुनं घर तसंच ठेवलं आणि शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडाची धास्ती तर्कापेक्षा मोठी होती. जुनी माळवदं त्यामुळे सुरक्षित झाली नाहीत. तरी त्या खोल्या माणसांनी स्वतः बांधल्या होत्या, कुठं बसायचं आणि कुठं झोपायचं ते ठरवून. त्या वापरात राहिल्या. आणि गावोगावच्या गवंड्यांच्या हाताला पट्टा घालायची सवय लागली, तीही याच कामातून.

मुलांचा प्रश्न वेगळाच होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोलीला त्यांच्यासाठी निवासी संकुल उभं केलं. सास्तूरला ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आलं. भूकंपग्रस्त म्हणून प्रमाणपत्र आणि त्यावर सरकारी नोकरीत राखीव जागा मिळाल्या. आजही नोकरभरतीच्या जाहिरातीत समांतर आरक्षणाच्या रकान्यात ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द वाचायला मिळतो.

पैसा संपला, कार्यक्रम १९९८ मध्ये संपला, पण संवाद सहायकांचं काम संपलं नाही. त्या बायकांचे बचत गट झाले. २००१ च्या जानेवारीत भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अनुभवी बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. गुजरात सरकारनं जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचं कर्ज घेऊन पुनर्बांधणी केली. गावं सरसकट हलवण्याला तिथं लोकांनीच मोठ्या प्रमाणावर नकार दिला आणि बहुतेक घरं मालकांनी स्वतः, हप्त्यांच्या मदतीनं, जागेवरच बांधली. म्हणजे किल्लारीच्या क वर्गातली रीत कच्छमध्ये मुख्य रीत झाली. केंद्रात अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारनं नेमलेल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचं उपाध्यक्षपद शरद पवारांकडे आलं आणि २००५ मध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. प्रवीण परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-धोका कमी करण्याच्या कामात गेले. औश्याच्या रानात शिकलेलं जिनिव्हात पोहोचलं.

पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच जाळ्यातल्या बायकांनी घरच्या शेतातला एक एकर मागून घेतला आणि त्यात ऊस-सोयाबीनऐवजी डाळी, भाज्या, ज्वारी लावली. स्वयं शिक्षण प्रयोगाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. कर्जाचे कोट्यवधी डॉलर जिथं घरांवर खर्च झाले तिथं तडे गेले, रंग उडाले. संवाद सहायकांच्या तुटपुंज्या मानधनावर जो खर्च झाला त्याचं पीक अजून येतं आहे. सरकारी हिशेबात हा दुसरा खर्च किरकोळ बाबींत मोडतो.

हे सगळं आता नांदेड-हिंगोलीच्या लोकांनी मन लावून वाचायला हवं. २००६ च्या नोव्हेंबरपासून पुढची काही वर्षं नांदेड शहराच्या काही वस्त्यांत जमिनीतून आवाज येऊन हलके धक्के बसत राहिले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं यंत्रं बसवून त्यांचा अभ्यास केला. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. २००२ मध्ये सुधारलेल्या भूकंप-नकाशात लातूरचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला. म्हणजे मराठवाडा स्थिर आहे, ही जुनी समजूत कागदावरूनही गेली आहे.

मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनानं लोकांना आवाहन केलं, की घराच्या पत्र्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड काढून टाका. योग्य सूचना. पण किल्लारीचा अनुभव घरी आहे म्हटल्यावर इथवर थांबणं पुरेसं नाही. कळमनुरी, वसमत, हदगाव, अर्धापूर या पट्ट्यात आजही माळवदाची आणि दगड-मातीची घरं आहेत. त्यांतल्या किती भिंतींत आरपार दगड आहेत, किती छतांवर दोन फूट माती आहे, हे गावातल्याच दोन-चार शिकलेल्या बायकांना आणि गवंड्यांना आठवड्याभरात मोजता येईल. घरकुल योजनेचे हप्ते आधीच थेट खात्यात जमा होतात. त्या प्रत्येक घरकुलात दारं-खिडक्यांवरचा पट्टा पूर्ण फिरला आहे की नाही, हे शेवटचा हप्ता सोडण्याआधी पाहिलं गेलं तर त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज लागणार नाही. लागेल ती गावात फिरणारी, मापं घेणारी, अभियंत्याला प्रश्न विचारणारी संवाद सहायक. तिला नेमण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाकडे आज, धक्का बसण्याआधी, आहे.